सर्व्हरवरचे जुने मेल उतरवून ऑफलाइन कसे ठेवायचे, आणि मग सर्व्हर कसा रिकामा करायचा

मेलबॉक्स भरत आला की बहुतेक जण काय करतात, साइझप्रमाणे सॉर्ट मारतात आणि मोठ्या अटॅचमेंटवाले मेल उडवून मोकळे होतात, आणि नेमके त्यातच करार, सर्टिफिकेटं, जुने फोटो असतात जे दुसरीकडे कुठेच नसतात. प्लीज असं करू नका. मेल आधी पूर्ण उतरवायचे, मग नेट बंद करून उघडून बघायचे, मग दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या दिवशी, सर्व्हरवरून काढायचे. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, हा क्रम तेवढा मोडू नका, कारण मेल जातात ते जवळपास नेहमी क्रम उलटा झाल्यामुळेच.

सिंक झालं म्हणजे आर्काइव्ह झालं असं नाही

"माझ्या लॅपटॉपवर सगळे मेल दिसतात की, अजून काय उतरवायचं?" असं खूप लोक म्हणतात. लॅपटॉपवर, फोनवर जे दिसतं ते बहुतेक वेळा आयमॅप या पद्धतीने सिंक झालेलं असतं, म्हणजे मेलबॉक्स सर्व्हरवर एकच आणि बाकी सगळीकडे त्याचं प्रतिबिंब. सर्व्हरवरून मेल उडाला की पुढच्या सिंकला लॅपटॉपवरूनही उडतो. आउटलुकवाल्यांच्या मशीनवर ओएसटी नावाची मोठी फाइल असते, ती कॉपी करून ठेवली की झालं असं वाटतं, पण ती फक्त कॅश आहे, त्या अकाउंटला आणि त्या प्रोफाइलला बांधलेली, उद्या दुसऱ्या मशीनवर नेऊन ती सरळ उघडता येत नाही.

मग पॉप३, म्हणजे मेल मशीनवर उतरवून घ्यायची दुसरी पद्धत, वापरू का? पॉप३ मेल खरंच खाली आणतं, पण सहसा फक्त इनबॉक्समधले. सेंटमधले येत नाहीत, तुम्ही बनवलेल्या फोल्डरमधले येत नाहीत. शिवाय सेटिंगमध्ये "सर्व्हरवर कॉपी ठेवा" ही टिक नसेल तर उतरवून झालं की सर्व्हरवरून काढूनही टाकतं, म्हणजे तपासायच्या आधीच डिलीट झालं. म्हणून आपल्या कामासाठी आयमॅपच, एसएसएलसकट म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीने, पोर्ट ९९३, आणि मेल सर्व्हरच्या फोल्डरमधून उचलून सर्व्हरशी काही संबंध नसलेल्या लोकल फोल्डरमध्ये कॉपी करायचे.

उतरवायच्या आधी काय काय आहे ते बघून घ्या

एक साधी टेक्स्ट फाइल घ्या आणि त्यात प्रत्येक फोल्डरचं नाव आणि मेलची संख्या लिहून ठेवा. कंटाळवाणं आहे पण नंतर तपासणीला हाच एक आधार असतो. एक लक्षात ठेवा, वेबमेलमध्ये कॉन्व्हर्सेशन व्ह्यू चालू असेल तर तिथे दिसणारा आकडा संभाषणांचा असतो, मेलचा नाही, त्यामुळे आकडे थंडरबर्डसारख्या क्लायंटमधूनच (मशीनवर चालणाऱ्या मेल सॉफ्टवेअरमधून) घ्या. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की मेलची संख्या दिसते.

जागेचा अंदाज पण आत्ताच घ्या. मेलमध्ये अटॅचमेंट जशीच्या तशी जात नाही, बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जाते, तिथे ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो मेलमध्ये ४ एमबीच्या थोडा वर बसतो. मेलबॉक्स १० जीबीचा असेल तर मशीनवर निदान ३० जीबी मोकळी ठेवा, कारण आयमॅपची सिंक केलेली एक प्रत, लोकल फोल्डरची दुसरी आणि डिस्कवर टाकायला बनवलेली झिप किंवा टार (सगळं एकत्र बांधलेली एकच) फाइल तिसरी, असं सगळं एकाच वेळी मशीनवर असतं.

आता ज्या गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात त्या. पहिली, लिंकवाल्या अटॅचमेंट. मोठी फाइल पाठवली की हल्ली मेल सर्व्हिस ती क्लाउडवर टाकते आणि मेलमध्ये फक्त लिंक जाते, दिसताना मात्र ती हुबेहूब अटॅचमेंटसारखी दिसते. असा मेल तुम्ही कितीही नीट उतरवलात तरी फाइल त्यात नाहीच, फक्त पत्ता आहे, आणि समोरच्याने फाइल काढली किंवा त्याचं अकाउंट बंद झालं की तो पत्ता कुठेच जात नाही. म्हणून मेलबॉक्समध्ये तुम्ही वापरता त्या क्लाउड सर्व्हिसचं नाव टाकून सर्च करा, कामाच्या फाइली हाताने उतरवा आणि आर्काइव्हच्या शेजारीच "लिंकवाल्या फाइली" असं फोल्डर करून ठेवा, फाइलच्या नावात मेलची तारीख घाला म्हणजे जोडी लावता येते. मला विचाराल तर सगळ्या कामातला हा सगळ्यात वेळखाऊ भाग आहे, आणि हाच कोणी करत नाही.

दुसरी, पीजीपी किंवा एसमाइम या पद्धतींनी एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय (की) वाचता न येणारे मेल. ते तसेच एन्क्रिप्टेड उतरतात, तुमची प्रायव्हेट की हरवली तर ते कायमचे बंद. की पण जपा, पण मेलच्या शेजारी उघडी ठेवू नका.

तिसरी, मेलबॉक्स ऑफिसचा असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. कंपनीचे मेल किती वर्षं ठेवायचे आणि बाहेर न्यायचे की नाही याचे नियम असतात, आणि नोकरी सोडताना घाईघाईत सगळा मेलबॉक्स स्वतःच्या डिस्कवर ओढला तर ते प्रकरण तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.

कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं

माझं सरळ मत आहे, जो फॉरमॅट साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही वाचता येतो तोच घ्यायचा. म्हणजे एमबॉक्स, मेलडिर किंवा ईएमएल. ईएमएल म्हणजे एक मेल एक फाइल. मेलडिरमध्येही एक मेल एक फाइल, पण करंट, न्यू आणि टेंपसाठी तीन ठरलेले सबफोल्डर असतात. एमबॉक्स म्हणजे अख्खं फोल्डर एका लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक मेल. एमबॉक्स फाइल एडिटरमध्ये उघडून बघा एकदा, खूप काही कळतं: प्रत्येक मेलची सुरुवात "फ्रॉम" आणि एका स्पेसने सुरू होणाऱ्या ओळीने, खाली हेडर म्हणजे कुणाकडून कुणाला तारीख विषय, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर, आणि अटॅचमेंट असेल तर पानंच्या पानं अर्थहीन दिसणारी बेस६४ ची अक्षरं. सुरुवातीची ती फ्रॉमची ओळ सोडली तर ईएमएलचीही रचना हीच, ज्या मूळ स्टँडर्डवर ती उभी आहे ते १९८२ चं आहे आणि आजही त्या रचनेतला मेल वाचता येतो, म्हणून यावर भरवसा.

पीएसटी वाईट आहे असं नाही, पण तो आउटलुकचा स्वतःचा फाइल फॉरमॅट आहे. पार जुन्या पद्धतीच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, ती ओलांडली की फाइल खराब व्हायची, आउटलुक २०१० पासून ही मर्यादा ५० जीबी आहे. पीएसटीमध्ये ठेवलंच तर सोबत एमबॉक्स किंवा ईएमएलची एक प्रत असू द्या. आणि पीडीएफ करून ठेवणारे पण आहेत, एखादा मेल कुणाला दाखवायला ते ठीक, पण पीडीएफमध्ये पूर्ण हेडर येत नाहीत, अटॅचमेंट येत नाही आणि तो मेल परत मेलबॉक्समध्ये टाकता येत नाही.

थंडरबर्डने कसं करायचं

थंडरबर्ड फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि ज्याला कमांड लाइन नको त्याच्यासाठी हाच रस्ता. अकाउंट आयमॅप म्हणून जोडा. मग अकाउंट सेटिंग्जमध्ये "सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज" उघडा आणि तिथे नीट वाचा. मेल या कॉम्प्युटरवर ठेवा ही टिक हवीच. खाली कितीही जुने असोत सगळे मेल सिंक करा असा पर्याय असतो आणि फक्त अलीकडच्या अमुक दिवसांचे करा असाही असतो, पहिला निवडा. अमुक साइझपेक्षा मोठे मेल उतरवू नका ही टिक असेल तर काढा, नाहीतर नेमके मोठे अटॅचमेंटवाले मेल मागे राहतील. आणि जुने मेल आपोआप डिलीट करा वगैरे काही चालू असेल तर ते आधी बंद.

मग फाइल मेनूतून ऑफलाइन आणि तिथून "डाऊनलोड, सिंक नाऊ". मोठा मेलबॉक्स असेल तर रात्रभर चालू द्या, मशीन झोपायला जाणार नाही एवढं बघा.

सिंक झालं की डाव्या बाजूला सगळ्यात खाली "लोकल फोल्डर्स" दिसतं, हे सर्व्हरशी जोडलेलं नसतं. त्यात वर्षाप्रमाणे फोल्डर करा, २०१२, २०१३ असे, आणि प्रत्येकात इनबॉक्स आणि सेंट वेगळं. मग सर्व्हरच्या फोल्डरमध्ये तारखेने सॉर्ट करून एका वर्षाचे मेल निवडायचे, राइट क्लिक, "कॉपी टू". कॉपी म्हणजे कॉपीच, मूव्ह नाही. मूव्ह केलं तर कॉपी झाल्या झाल्या सर्व्हरवरून मेल निघतात आणि मग तपासायला मूळ प्रतच उरत नाही. ए दाबलं की मेल आर्काइव्हमध्ये जातो ही सोयसुद्धा मूव्हच करते, त्यामुळे या कामाला ती नको. एका वेळी हजारभर मेलच्या वर घेऊ नका, मध्येच नेट गेलं तर नक्की कुठपर्यंत आलं ते शोधणं सोपं जातं.

वर्षाप्रमाणेच का, तर संपलेल्या वर्षाची फाइल परत बदलत नाही. एकदा २०१४ ची फाइल बनवली, तपासली, डिस्कवर टाकली की तिच्याकडे दरवर्षी फक्त "आहे तशी आहे ना" एवढंच बघायचं, परत परत सगळं कॉपी करत बसायला नको. ग्राहकाप्रमाणे, प्रोजेक्टप्रमाणे फोल्डर करावेसे वाटतात, पण एकच मेल दोन प्रोजेक्टचा असला की तो कुठे टाकायचा यातच दिवस जातो, शोधायला सर्च आहेच.

या फाइली मशीनवर असतात कुठे? थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये "मेल" नावाच्या फोल्डरच्या आत "लोकल फोल्डर्स". तिथे प्रत्येक फोल्डरसाठी एक एक्स्टेंशन नसलेली फाइल दिसेल, ती एमबॉक्स, तीच खरी. तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते ती फक्त इंडेक्स, ती गेली तरी थंडरबर्ड परत बनवतं. सबफोल्डर एसबीडी एक्स्टेंशनच्या डिरेक्टरीत असतात, त्या विसरू नका, वर्षाची फोल्डरं केलीत म्हणजे तुमचे मेल त्यांच्या आतच आहेत. कॉपी करताना थंडरबर्ड पूर्ण बंद करा.

जीमेलचं थोडं वेगळं

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात, आणि आयमॅपवर प्रत्येक लेबल फोल्डरसारखं दिसतं. एका मेलला तीन लेबलं असतील तर तो तीन फोल्डरमध्ये आणि शिवाय "ऑल मेल"मध्ये, म्हणजे सगळं कॉपी केलंत तर एकाच मेलच्या चार प्रती. म्हणून आयमॅपने करायचं असेल तर फक्त ऑल मेल घ्या.

त्यापेक्षा सोपं म्हणजे गूगल टेकआउट, तुमचा डेटा उतरवून देणारी गूगलची सोय. तिथे फक्त जीमेल निवडा, ते एमबॉक्स बनवून देतं आणि लेबलांची नावं मेलच्या हेडरमध्ये लिहिलेली असतात त्यामुळे तीही जात नाहीत. लिंक आली की लगेच उतरवा, काही दिवसांनी ती चालत नाही. मिळालेली एमबॉक्स फाइल थंडरबर्ड बंद करून त्या लोकल फोल्डर्सच्या डिरेक्टरीत टाका, एक्स्टेंशन काढून, आणि थंडरबर्ड चालू केलं की ती फोल्डर म्हणून दिसते.

आउटलुक

क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, मग इंपोर्ट एक्सपोर्ट, आणि आउटलुक डेटा फाइल म्हणजे पीएसटी. पण त्याआधी अकाउंट सेटिंगमध्ये ऑफलाइन किती काळाचे मेल ठेवायचे तो स्लायडर बघा, तो एक वर्षावर असेल तर मशीनवर तेवढेच आहेत आणि एक्सपोर्टमध्ये तेवढेच जातील, काही एरर वगैरे न देता. तो "ऑल"वर नेऊन सिंक पूर्ण होऊ द्या, मगच एक्सपोर्ट.

कमांड लाइनवाल्यांसाठी

एमबीसिंक वापरा, पॅकेजचं नाव आयसिंक असतं. हे सर्व्हरवरचे मेल मेलडिरमध्ये उतरवतं. कॉन्फिगमध्ये सिंकपुढे "पुल न्यू" एवढंच द्या, क्रिएटपुढे "नियर", आणि एक्स्पंज आणि रिमूव्ह दोन्हीपुढे "नन". म्हणजे नवीन मेल फक्त सर्व्हरकडून मशीनकडे येतात, उलट दिशेने काही जात नाही, आणि सर्व्हरवर काही डिलीट झालं तर ते इकडे पोचत नाही. डिफॉल्टवर सोडलंत तर ते दोन्ही बाजूंनी सिंक करतं, आर्काइव्हला ते नको आहे.

मेलडिरची एक अडचण डिस्कवर टाकताना येते. फाइलच्या नावात कोलन असतो, त्यापुढे २ आणि स्वल्पविराम आणि मग एस म्हणजे वाचलेला, आर म्हणजे उत्तर दिलेला अशी खूण. विंडोजला आणि एक्सफॅट डिस्कला नावात कोलन चालत नाही, कॉपी मध्येच अडते किंवा नावं बदलतात. म्हणून आधी प्रत्येक वर्षाची टार फाइल करा आणि ती डिस्कवर टाका.

अजून एक, फोल्डरची नावं मराठीत दिली असतील तर उतरवलेल्या डिरेक्टरीची नावं अँड चिन्हाने सुरू होणारी आणि डॅशने संपणारी, मध्ये नुसती रोमन अक्षरांची खिचडी अशी दिसू शकतात. घाबरू नका, आयमॅप देवनागरी नावं अशाच कोडमध्ये ठेवतं, मेल क्लायंटमध्ये ती नीट दिसतात. फक्त कुठली खिचडी म्हणजे कुठलं फोल्डर ते त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

तपासणी

आता सुरुवातीला लिहिलेले आकडे काढा आणि फोल्डरप्रमाणे जुळवा. फरक आला तर सोडून देऊ नका, शोधा. बहुतेक वेळा एखादी बॅच अर्धी कॉपी झालेली असते किंवा दोनदा झालेली असते.

मग वायफाय बंद करा, नेट पूर्ण बंद. लोकल फोल्डरमधला सगळ्यात जुना मेल उघडा. सगळ्यात मोठा मेल उघडा आणि त्याची अटॅचमेंट सेव्ह करून खरंच उघडून बघा, नुसतं नाव दिसतंय यावर जाऊ नका. मराठी मजकुराचा एखादा मेल उघडा, अक्षरं नीट आहेत ना. प्रत्येक वर्षातले पाच-सहा मेल असेच कुठूनही. नेट बंद असताना जे उघडतं तेच तुमच्याकडे आहे.

तपासून झालं की प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीतल्या डेटावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढा आणि तो फाइलींच्या शेजारी ठेवा. लिनक्सवर आणि मॅकवर त्यासाठी कमांड असते, विंडोजवर सर्टयुटिल. पुढे कधीही तोच चेकसम परत काढून जुळला की फाइलीतला एकही बिट बदलला नाही हे नक्की. इथे एक बारीक गोष्ट आहे, थंडरबर्ड मेल वाचला, न वाचला ही खूण एमबॉक्स फाइलच्या आतच लिहितं, त्यामुळे आर्काइव्हची मूळ फाइल उघडून मेल वाचलात तर मजकूर शाबूत असूनही चेकसम जुळणार नाही. म्हणून मूळ फाइल रीड-ओन्ली करा आणि वाचायला वेगळी कॉपी वापरा.

डिस्क

दोन डिस्क घ्या, दोन्हीवर तेच टाका, आणि दोन्ही एका कपाटात ठेवू नका, एक दुसऱ्या जागी द्या. डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यावर बसतच नाही, एक्सफॅट करून घ्या. वर्षानुवर्षं नुसतं पडून राहायला साधी हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा बरी, कारण वीज न मिळता खूप काळ राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू जाऊ शकतो. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवणं तर नकोच. काम झालं की डिस्क काढून ठेवा, सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत मशीनसोबतच सापडते. वर्षातून एकदा जोडायची, चेकसम जुळवायचे, परत ठेवायची.

मेलमध्ये पासवर्ड, ओळखपत्रं, बँकेचे कागद सगळं असतं, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट करा, त्यासाठीचं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर तिन्ही सिस्टिमवर चालतं. पासवर्ड मात्र घरातल्या निदान एका विश्वासाच्या माणसाला कसा मिळेल ते ठरवून ठेवा.

आणि आता डिलीट

दोन्ही डिस्कवर प्रत आहे, दोन्हीकडचे चेकसम जुळले, नेट बंद करून मेल उघडले, एवढं झालं असेल तरच पुढे या. घाई नसेल तर आठवडाभर थांबा.

सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरू करा, एका वेळी एकच वर्ष. डिलीट केल्यावर मेल ट्रॅशमध्ये जातो आणि जागा लगेच मोकळी होत नाही, ट्रॅश रिकामा करावा लागतो, आणि आयमॅपवर बऱ्याचदा मेलवर आधी फक्त डिलीटची खूण लागते, फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावर तो खरा जातो. जीमेलमध्ये तर क्लायंटमधून डिलीट केलेला मेल सेटिंगप्रमाणे ऑल मेलमध्ये तसाच राहू शकतो, त्यामुळे तिथे वेबवरूनच तारखेने सर्च करून काढा आणि बिन रिकामी करा, नाहीतर ती ३० दिवसांनी आपोआप होते. कोटा कमी झालेला दिसला की मग पुढचं वर्ष घ्या. फोनवर आणि दुसऱ्या लॅपटॉपवरही हे मेल दिसेनासे होतील, तेव्हा ते अकाउंट अजून कोणी वापरत असेल तर त्यांना आधी सांगा.

जुना एखादा मेल परत सर्व्हरवर हवा झाला तर वाचायच्या कॉपीतून तो थंडरबर्डमध्ये आयमॅपच्या फोल्डरवर ओढायचा, तारखेसकट परत जातो. आणि या कामासाठी वेगळा ॲप पासवर्ड (फक्त या सॉफ्टवेअरला दिलेला) बनवला असेल तर अकाउंटच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन तो रद्द करा.